मोडीतलं पत्र

"काका, आ कई भाषा छे?"

परमारसाहेबांनी कागद आधी सुलटा धरला, मग उलटा, मग खिडकीच्या उजेडात. काहीच पदरात पडेना तेव्हा तो टेबलावर ठेवून त्यावर पंजा ठेवला. टेबलाच्या अलीकडे सदानंद चिटणीस खुर्चीच्या कडेवर टेकला होता. महापालिकेच्या घरवेरा, म्हणजे घरपट्टी, खात्यात सारा जन्म कारकुनी केली, पण साहेबासमोर पाठ टेकून तो कधी बसला नाही. आणि ही तर जेलमधली खुर्ची.

"मराठी ज छे, साहेब. जूनी लिपी छे. मोडी."

घराबाहेर पडलं की सदानंद गुजरातीत बोले, आणि घाबरेही गुजरातीतच. बडोद्यातल्या मराठी माणसाला त्याचं काही वाटत नाही.

"मराठी टपाल आमच्या शलाकाबेन वाचतात," साहेब म्हणाले. "त्यांनाही यातलं अक्षर लागत नाही. कैद्याने अन्न सोडलंय. दवाखान्याच्या बराकीत पडून आहे. त्याला बाहेरून कोणी असल्या खुणांचं पत्र पाठवतं. उद्या काही बरंवाईट झालं तर वर जबाब कोणी द्यायचा, तुम्ही की मी?"

त्यात साहेबांचं काही चुकत नव्हतं. सदानंदने मान डोलावली. साहेब लोक बोलत असताना मान डोलावणं हे त्याचं अंगवळणी पडलेलं काम होतं.

बाजूच्या टेबलावर शलाका बसली होती. पंचविशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात फोडलेल्या पत्रांची चळत. साहेब फोन घ्यायला वळले तशी ती हळूच मराठीत म्हणाली, "काका, नेहमीसारखं बाळबोधीत लिहायचं ने. कालच आत पाठवलं असतं. तुमची सगळी पत्रं मीच वाचते. निरुपमाकाकूंच्या शेवटच्या दिवसांचं, ते प्रार्थनेचं. त्यात कोणाचं काय जातंय? साहेबांना मी कधी बोलले पण नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जी पत्रं पकडली जातील म्हणून सदानंद रात्रंदिवस धसका घेऊन होता, ती एका मुलीने वाचून, शिक्का मारून, निमूट आत सोडली होती. आणि जे वाचलं जाऊ नये म्हणून मोडीत लिहिलं, तेच साहेबांच्या पंजाखाली येऊन पडलं होतं.

आता या मोडीची गोष्ट सांगायला हवी. सदानंदचे आजोबा संस्थानच्या खानगी कारभारात कारकून होते, आणि गोविंद मोहितेचे आजोबा सुभानराव संस्थानच्या फौजेत. एका घरात लेखणी, दुसऱ्या घरात तलवार, आणि दोन्ही घरं पाणीगेटजवळच्या एकाच पोळात, एकाच गल्लीत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं फार उंडारतात म्हणून चिटणीस आजोबांनी दोघांना धरून बसवलं आणि मोडी शिकवली. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगत जायची, लेखणी उचलायची नाही. गंमत अशी की शाळेत ढ असलेल्या गोविंदाला ती आधी आली. मग वर्गात चिठ्ठ्या सुरू झाल्या. मास्तरांनी एक पकडली. ती वाचता येईना, म्हणून त्यांनी अंदाजानेच दोघांना फोडून काढलं.

पुढे सदानंद कारकून झाला आणि गोविंदाने जवळच्या पादरा गावी पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. पंचक्रोशीतल्या बोअरचे पंप त्याच्या हाताखालून गेले. लग्नं झाली, मुलं झाली. गोविंदाला एकच, तन्मय. हा मुलगा दारूला लागला. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणजे दारू मिळते पण तिच्याबद्दल बोलायचं नसतं. मोहित्यांच्या घरातही कोणी बोललं नाही. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तन्मयने आईवर, मंदाकिनीवर, हात उगारला. गोविंदाने त्याला ओढून बाजूला ढकललं. अंगणात दुरुस्तीला आणलेल्या पंपाचं लोखंडी धूड पडलं होतं. डोकं त्यावर आदळलं. बस, तेवढंच झालं.

मंदाकिनीने कोर्टात खरं ते सांगितलं. गोविंदाने वकिलाला बोलूच दिलं नाही. शिक्षा झाली. त्यानंतर मंदाकिनीने त्याचं तोंड पाहिलं नाही, आणि त्यानेही कोणाला दाखवलं नाही. सदानंद दर महिन्याला जेलवर जायचा, मुलाखतीला नाव लावायचा, खिडकीपाशी उभा राहायचा. गोविंदा एकदाही आला नाही. शिपाई येऊन सांगायचा, "ना पाडे छे, काका." नाही म्हणतो. मग सदानंद घरी येऊन पत्र लिहायला बसे. पत्राला मात्र गोविंदा उत्तर देई. कार्डावर चार ओळी, त्याही वाकड्या.

त्या ओळींत फिरून फिरून एकच गोष्ट यायची. तन्मयचं दहाव्याचं चांदोदला नर्मदेकाठी केलं तेव्हा गोविंदा कोठडीत होता. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, गोविंदाच्या भावाने तुझ्या आईला, मंदाकिनीला, जपू म्हणून शब्द दिला. झाडावर कावळे बसलेले, एकही खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक पांगले. भावाने हे कोठडीत येऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. तेव्हापासून गोविंदाचं ठाम मत झालं होतं: पोराने मला माफ केलं नाही. "ज्याची माफी मागायची तोच नाही, सदा. आता कोणापुढे हात जोडू?" हे त्याचं एका कार्डावरचं वाक्य. सदानंदने ते खिशात घालून महिनाभर वागवलं.

आणि उत्तर म्हणून सदानंद जे लिहीत गेला, ते त्याच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको निरुपमा दवाखान्यात होती. पोटाचा कॅन्सर होता, आणि हाताबाहेर गेलेला. तिथे कमळाबाई नावाची नर्स होती, नगरकडची, ख्रिस्ती. दुपारच्या पाळीला यायची. काम उरकलं की निरुपमाच्या पायथ्याशी बसून तिचे पाय हातात धरायची आणि मराठीत हळूहळू प्रार्थना करायची, अगदी घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी. सदानंद स्टुलावर बसून ऐके. आधी त्याला संकोच वाटला, मग तो तिची वाट पाहू लागला. निरुपमा गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढंच त्याने पाहिलं आणि तो अडकला. तेव्हापासून दर रविवारी "पाय मोकळे करून येतो" म्हणून तो फतेगंजच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. त्याने बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं नव्हतं, कोणाला नाव सांगितलं नव्हतं. घरी देवघरातले देव तोच पुसायचा, आणि नीट पुसायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

मुलगा अभिषेक आणि सून अबोली यांना यातलं काही माहीत नव्हतं. गुजरातेत धर्म बदलायचा तर आधी कलेक्टरची परवानगी लागते, आणि कोणी कोणाला भरीस पाडलं असं ठरलं तर तुरुंग. अशीच एक बातमी वाचून अभिषेक चहा पिता पिता म्हणाला होता, "पकडले ते बरं झालं. असल्यांना सोडायलाच नको, बाबा." सदानंद म्हणाला, "हं." म्हणून पत्रांत त्याने येशूचं नाव कधीच घेतलं नाही. नुसतं 'तो' लिहिलं, 'त्याच्याकडे बघ', 'त्याला सांग'.

मग गेल्या मुलाखतीला खिडकीवरचा शिपाई म्हणाला, "काका, तुमच्या भाईबंदाने जेवण सोडलंय. सलाईन लावलं तर सुई काढून टाकतो." त्या दिवशी सदानंद थेट घरी आला. आता 'तो' लिहून भागणार नव्हतं. आता सगळं लिहायला हवं होतं, नाव घेऊन, हातचं न राखता. त्याने कागद घेतला, आणि लिहायला बसल्यावर पुन्हा त्याचं धाबं दणाणलं. हे कोणी वाचलं तर? पोलीस घरी आले तर? अभिषेकला काय सांगायचं? चोराच्या मनात चांदणं. तेव्हा त्याला मोडी आठवली. मोडी गोविंदाशिवाय कोण वाचणार? आपण फार हुशारी केली असं वाटून त्याने कागदभर आडवी रेघ ओढली.

साहेबांनी फोन ठेवला. "हां काका. वाचा. जसंच्या तसं मराठीत वाचा. शलाकाबेन लिहून घेतील आणि मला सांगतील."

कागद सदानंदच्या हातात आला. अक्षर त्याचंच होतं, घाईत लिहिलेलं, पण स्वच्छ. पहिली ओळ होती: 'गोविंदा, तू अन्न सोडलंस हे कळलं.' त्याने घसा खाकरला.

"गोविंदा," तो म्हणाला, "आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत."

शलाकाचं पेन चालू लागलं. सदानंदचे डोळे ओळीवरून पुढे सरकत होते, कारण वाचणाऱ्याचे डोळे सरकायला हवेत. पुढे लिहिलं होतं: 'तन्मयला कावळा शिवला नाही म्हणून त्याने तुला माफ केलं नाही, असं तू धरून बसला आहेस.'

"अबोलीने यंदा राजापुरी कैरीचं लोणचं घातलं. तुझी आठवण निघाली. तुला आवडतं म्हणून."

खोटं बोलायला लागल्यावर ते इतकं भराभर सुचेल असं त्याला वाटलं नव्हतं. पादरा गावच्या रस्त्याचं काम निघालंय, गोविंदाच्या दुकानाशेजारचा हॉटेलवाला विचारत होता, पाणीगेटला गर्दी फार वाढलीय. मग कागदावर ते नाव आलं. येशू. पत्रभर त्याने ते जरा जोर देऊनच लिहिलं होतं. साहेब पाहत होते.

"अभिषेकला बढती मिळणार आहे," सदानंदने वाचलं.

शलाकाने मान वर केली. तिने त्याची आधीची पत्रं वाचली होती. बढती आणि लोणचं या माणसाच्या पत्रात कधी येत नाही हे तिला ठाऊक होतं. मान खाली घालून तिने बढतीही लिहून घेतली.

"एटलुं ज?" शलाकाने सगळं गुजरातीत सांगितल्यावर साहेबांनी विचारलं.

"एटलुं ज, साहेब."

"एवढ्यासाठी ही लिपी? लोणच्यासाठी?"

"लहानपणीची गंमत आहे साहेब. त्याला बरं वाटेल म्हणून."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. सदानंदच्या छातीवरचा दगड जरा हलला. पत्र आत जाणार. खोटं बोललो खरा, पण कागदावर खरं तेच आहे, आणि ते गोविंदाच्या हातात पडेल. देव समजून घेईल. त्याला काय, तो मनातलं पाहतो. असं सगळं त्याने त्या चार श्वासांत स्वतःला पटवून दिलं.

"सारुं," साहेब म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. "आता त्यालाही बोलावू. त्याला येते ना ही लिपी? तोही वाचून दाखवील. दोन्ही जुळलं की पत्र त्याचं."

सदानंदच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीबाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं. त्याने डोळे मिटले आणि शेवटच्या बाकावर करायचा तशी प्रार्थना करू लागला: गोविंदाला मोडी विसरू दे. प्रभू, एवढं कर, त्याला वाचता येऊ नये. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय मागतो आहोत.

गोविंदाला एका शिपायाने दंडाला धरून आणलं. सदानंदने त्याला ओळखलं ते खांद्यांवरून. पंप उचलून उचलून उजवा खांदा जरासा खाली आलेला, तो तसाच होता. बाकी माणूस उरला नव्हता. गाल आत गेलेले, हातावर सुयांचे काळेनिळे डाग, सदरा खुंटीला लटकल्यासारखा. एक चप्पल पायात धड बसत नव्हती, ती फरफटत होती. त्याने सदानंदकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत उभा राहिला.

"बेसो," साहेब म्हणाले. "हे पत्र तुझं. जसं लिहिलंय तसं वाच."

गोविंदाने कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मोडी?" तो म्हणाला. आवाज पार कोरडा होता. "अरे. आजोबांची मोडी."

"गोविंदा, अरे ते अबोलीचं लोणचं..." सदानंद पुटपुटला.

"काका, तमे ना बोलो," साहेबांनी हात वर केला.

गोविंदाने ओळीखाली बोट ठेवलं आणि पहिलीतल्या पोरासारखा वाचू लागला. अडकायचा, मागे जायचा, पुन्हा सुरू करायचा. "गोविंदा. तू... अन्न सो... सोडलंस... हे कळलं." तो थांबला, ओठ ओले केले. "तन्मयला... कावळा..." बोट तिथेच राहिलं. मग हळू म्हणाला, "कावळा शिवला नाही... म्हणून..."

साहेबांनी शलाकाकडे पाहिलं. शलाकाने आपल्या कागदाकडे पाहिलं. लपवायला काही जागा नव्हती.

"जुदुं छे, साहेब," ती म्हणाली.

"पेलुं अथाणुं क्यां गयुं?" साहेबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मघाचं हसू गेलं होतं.

गोविंदाला काही कळेना. तो आळीपाळीने दोघांकडे पाहू लागला. "कसलं लोणचं?"

"काकांनी मघाशी हेच पत्र वाचून दाखवलं," शलाकाने मराठीत सांगितलं. सांगताना तिलाच कसंतरी होत होतं. "त्यात लोणच्याचं होतं. अभिषेकच्या बढतीचं. हे नव्हतं."

तेव्हा गोविंदाने सदानंदकडे पाहिलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"हे सोडून दुसरंच वाचलंस?"

सदानंदने होय म्हणून मान हलवली.

"का रे?"

"घाबरलो."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच रे. साहेबांना. अभिषेकला. तू वाच ना, गोविंदा. पुढे वाच. पुढे खरं आहे ते. तुझ्यासाठीच लिहिलंय."

"माझ्यासाठी लिहिलंस," गोविंदा म्हणाला, "आणि चार माणसांत तुझ्या तोंडून निघालं नाही. तू बाहेरचा माणूस, धडधाकट, घरदार असलेला. तुला त्याचा आधार पुरला नाही. मला पुरेल?" त्याने कागदाची घडी घातली. पहिल्याच घडीवर, नीट. "मी इतके दिवस तुझी पत्रं उशाशी घेऊन निजत होतो, सदा. म्हटलं, आपला सदा सांगतोय म्हणजे काहीतरी असेल. हेही लोणचंच असेल मग."

"नाही रे."

"साहेब, मला नाही वाचायचं. बराकीत न्या."

तो उठायला लागला तर त्याचा तोल गेला. शिपायाने दंड धरला. साहेबांनी घडी केलेला कागद पुढे ओढून घेतला आणि शलाकाला म्हणाले की हा जमा करा, आणि काकांचा जबाब लिहायला घ्या, नाव, पत्ता, मुलाचा फोन. शलाकाने कोरा कागद घेतला. दारातून बाहेर लांब बोळ होता आणि त्याच्या टोकाला आतल्या भागाचं दार. फरफटत्या चपलेचा आवाज त्या बोळातून दूर जाऊ लागला.

सदानंद बसून होता. आपण आता बसून राहिलो तर तो माणूस मरेल, हे त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही. बायको गेली तेव्हा तो असाच स्टुलावर बसून राहिला होता, पण तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. आज होतं. एकच गोष्ट होती आणि ती त्याने नुकतीच आपल्या हाताने मातीत घातली होती.

तो उठला. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली.

"साहेब, मघाशी मी खोटं वाचलं," तो गुजरातीत म्हणाला. "गोविंदा वाचत होता ते बरोबर आहे. मला ते वाचू द्या. मग काय कलम लावायचं ते लावा. मुलाला फोन करायचा तर करा."

"काका, बेसो."

"बसत नाही, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. असलं काही या खोलीत त्यांनी आधी पाहिलं असेल किंवा नसेलही. कागद त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी हात उचलला नाही, पण दाबलाही नाही. शलाकाने तो दोन बोटांनी हळूच ओढला आणि सदानंदच्या पुढे सरकवला.

सदानंद कागद घेऊन दारात जाऊन उभा राहिला आणि वाचू लागला. जन्मात कधी मोठ्याने न बोललेला माणूस. पहिलं वाक्य चिरकलं. दुसऱ्याला आवाज सापडला.

"गोविंदा, तू अन्न सोडलंस हे कळलं. तन्मयला कावळा शिवला नाही म्हणून त्याने तुला माफ केलं नाही, असं तू धरून बसला आहेस. तुझा न्याय चांदोदच्या कावळ्याने करायचा नाही, गोविंदा."

बोळात चपलेचा आवाज चाललाच होता.

"मी आजवर तुला 'तो' म्हणून लिहीत आलो. भ्यालो म्हणून. आज नाव लिहितो. येशू."

"धीमे, काका," साहेब मागून म्हणाले. सदानंदने ऐकलं नाही. इतर खोल्यांतून दोन-तीन माणसं बाहेर येऊन उभी राहिली. त्यांना मराठी येत असेल नसेल, ते नाव सगळ्यांना कळलं. शलाका मागे लिहीत होती. लिहिणं तिचं कामच होतं.

"तो गुन्हेगारांत धरला गेला आणि गुन्हेगारांच्या मध्ये क्रुसावर मेला. त्याच्या शेजारी एक जण होता, हातून नको ते घडलेला. केलेलं निस्तरायला त्या माणसाकडे दिवस उरला नव्हता. नदीत बुडी मारावी तर हात मोकळे नव्हते. ज्यांचं वाईट केलं त्यांतलं कोणी माफ करायला तिथे आलेलं नव्हतं. तो येशूला एवढंच म्हणाला, माझी आठवण ठेव. आणि येशूने त्याला तसाच स्वर्गात घेतला, रक्ताने माखलेला."

आतल्या दाराची कडी वाजली. सदानंदने आवाज आणखी वाढवला.

"गोविंदा, मुलगा गेलेला बाप कसा असतो हे देवाला तू समजावून सांगायला नको. त्याचाही गेला. माणसांच्या हातून गेला. ते हात त्याने झिडकारले नाहीत. मग तुझे कसे झिडकारील?"

तेव्हा फरफटणारी चप्पल थांबली. पुन्हा चालायला लागली की नाही, ते सदानंदला कळलं नाही. पत्र अजून निम्मं बाकी होतं, आणि तो वाचत होता.